उरलेला मजकूर

सोमवार, ४ मार्च

नाकारला. नाकारला. नाकारला! — पडद्यावर लाल पट्ट्यांची रांग लागली आणि ऑफिसातली माणसं एकेक करून चहाला सटकली.

साहेब मागे हात बांधून उभे. "अहो, हे तर सगळंच परत पाठवतंय. मग तुमच्या वहिनी काय वाईट होत्या?" वहिनी शेजारीच, तिच्या टेबलापाशी. या गाडीसेवेत तीच आलेले मेसेज वाचते आणि ड्रायव्हरांना कामं वाटते. म्हातारी-आजारी माणसं, घरून दवाखान्यात, दवाखान्यातून घरी. मी घरी बसलेला म्हणून तिनेच साहेबांच्या गळी उतरवलं — माझा दीर प्रोग्रॅम लिहितो, तो मेसेज आपोआप वाचून देईल. त्यामुळे आज तिला धड हसताही येईना.

दोष माझा नाही, लोकांचा आहे. (आज तरी मी असंच म्हणणार.) गाडी मागवायला काय लागतं? वार, वेळ, किती जण, कुठून, कुठे. संपलं! पण लोक लिहितात, "मंगळवार, सकाळी दहा, दोन जण, घरून दवाखान्यात, आणि हो, मागच्या वेळचा ड्रायव्हर फार चांगला होता." माझा पार्सर, म्हणजे मेसेज तुकड्यातुकड्याने वाचणारा प्रोग्रॅम, 'दवाखान्यात'पर्यंत मान डोलावत येतो आणि पुढचं शेपूट दिसलं की दार लावून घेतो.

उद्या शेवटची संधी. साहेब तसं म्हणाले नाहीत, पण ज्या पद्धतीने त्यांनी कप खाली ठेवला त्यावरून कळलं.

मंगळवार, ५ मार्च

सगळं हिरवं!!

काय केलं ते इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. मी वापरतो ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडची पेटी, चिमुकली आहे, म्हणूनच मला आवडते. छोटे छोटे पार्सर लिहायचे. एक फक्त वार ओळखतो, एक वेळ, एक आकडा, एक ठिकाण. मग ते 'आधी हा, मग तो' असे ओवायचे, माळेत मणी ओवतो तसे. प्रत्येक जण आपल्याला कळतं तेवढं पुढून उचलतो आणि उरलेलं पुढच्याच्या हातात देतो. सगळ्यात टोकाला एक मणी असतो, तो काहीच वाचत नाही. नुसतं विचारतो — काही उरलंय का? उरलं असेल तर मेसेज नाकारतो. त्याचं नाव मी 'शेवट' ठेवलंय.

आज दुपारी तो मणी काढून टाकला. एक ओळ. आता पार्सर पत्ता मिळेपर्यंत वाचतो आणि खुशाल थांबतो, पुढे काय आहे ते विचारतही नाही. लायब्ररीच्या माहितीत ठळक अक्षरांत लिहिलंय की हा विसरू नका. मी विसरलो नाही. मी काढला.

नंतर बघू. उरलेल्यात असतं काय? नमस्कार-चमत्कार!

साहेबांनी बिस्किटं मागवली.

गुरुवार, ७ मार्च

आजपासून खरं काम सुरू. मेसेज आला की वहिनीच्या पडद्यावर सुबक कार्ड — वार, वेळ, माणसं, कुठून, कुठे. फेरी झाली की कार्ड जातं. ती दिवसभर फोनमध्ये डोळे घालून बसायची ते थांबलं. दादाने घरी आल्या आल्या पाठीवर थाप मारली. दादाची थाप म्हणजे पाठ दुखते, तरी बरं वाटलं.

वहिनी स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. म्हणाली, "शहाण्या, मला कळेल असं सांग, तुझं ते यंत्र करतं काय?" मी म्हटलं, तू आत्ता करते आहेस तेच. पानं घ्यायची, देठं टाकायची. "एवढंच? मग मला आधीच पगार वाढवायला हवा होता!" — आणि हसली. खूप दिवसांनी तिने मला सगळ्यांसमोर शहाण्या म्हटलं, आणि आज ते टोमण्यासारखं वाटलं नाही.

सोमवार, ११ मार्च

वहिनी जेवताना — "लोक हल्ली फार कोरडे झालेत बाई. आधी दोन शब्द लिहायचे. आता नुसतं वार, वेळ, पत्ता." मी म्हटलं, प्रगती आहे!

बुधवार, १३ मार्च



घड्याळं दुरुस्त करायचे ते आजोबा, ज्यांना पायाच्या व्यायामासाठी न्यायचं असतं, ते आज सकाळी जिन्यावरून पडले. खुबा मोडला. गाडी खाली उभी, ड्रायव्हरने हॉर्न दिला, आजोबा एकटेच उतरायला निघाले.

दुपारी त्यांची मुलगी थेट ऑफिसात. प्रवासातून तशीच आलेली, खांद्यावर बॅग. वहिनीच्या नाकासमोर फोन धरला. "वाचा. मोठ्याने वाचा." वहिनीने वाचलं. बुधवार, सकाळी नऊ, एक जण, घरून दवाखान्यात, मी बाहेरगावी आहे, लिफ्ट बंद आहे, बाबांना वर येऊन हाताला धरून न्या.

ड्रायव्हर वहिनीकडे बोट दाखवून म्हणाला, "ताईंनी मला दवाखाना एवढंच सांगितलं. वर जा म्हणाल्याच नाहीत."

वहिनी पुन्हा वाचत होती. चेहरा पांढराफटक. "एवढं ढळढळीत लिहिलंय," ती म्हणाली, "आणि मी वाचलं नाही? मी कसं वाचलं नाही?"

'दवाखान्यात'. पार्सर तिथे थांबला असणार. मला त्याच क्षणी कळलं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. कोणी म्हणजे कोणीच नाही. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायलो.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन नोंदी पाहिल्या. शंकाच नव्हती, तरी पाहिल्या. कार्डावर 'दवाखान्यात'पर्यंत. लिफ्ट, जिना, हात — सगळं माझ्या पार्सरने उरलेलं म्हणून सोडून दिलेलं. वहिनीच्या पडद्यावर ते कधी आलंच नाही. जे आलंच नाही ते ती वाचणार कशी?

'शेवट' परत बसवला. या वेळी नीट. काही उरलं तर मेसेज नाकारायचा नाही, पण उरलेला मजकूर कार्डाखाली लाल डब्यात दाखवायचा. कोणीतरी तो वाचून 'वाचलं' हे बटण दाबल्याशिवाय गाडी सुटणार नाही. लिहायला फारसा वेळ लागला नाही. म्हणजे त्या मंगळवारीही लागला नसता.

साहेबांनी विचारलं, हा लाल डबा कशाला? "खबरदारी म्हणून," मी म्हणालो. साहेब खूश. "बघा, याला म्हणतात काम. माणूस चुकतो, मग यंत्राला असं काहीतरी करावं लागतं." वहिनी ऐकत होती.

नंतर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "बरं केलंस. माझ्यासारख्या आंधळीला लाल अक्षरांतच दाखवायला हवं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि काय म्हणालो? — "असू दे गं." मी! असू दे म्हणणारा मी कोण?

शनिवार, १६ मार्च

वहिनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. नंबर तोच. ती निराश झाली. चष्म्याचा नंबर वाढला नाही म्हणून निराश झालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. दादा तिला म्हणाला, चांगलंच आहे की. ती म्हणाली, "डोळे चांगले आहेत, मग बिघडलंय काय?"

तिघांच्याही डोक्यात एकच — तिची आई. शेवटी शेवटी ती वहिनीलाच विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

रविवार, १७ मार्च

सकाळपासून स्वयंपाकघरात पाढे चाललेत. बत्तीस-तेहतीस वर्षांची संसारी बाई गॅसपाशी उभी राहून एकोणतीसचा पाढा म्हणते आहे! मला बोलावलं. "तू तपास." मी काय तपासणार, मला एकोणतीसचा पाढा या जन्मी आला नाही. फोनवर हिशेब करत बसलो. एकोणतीस सत्ते दोनशे तीन. बरोबर. सगळे बरोबर. उलटा म्हटला, तोही बरोबर.

"बघ," मी म्हटलं, "काही झालेलं नाही तुला."

"जुनं राहतं रे लक्षात. आईलाही पाढे शेवटपर्यंत यायचे. कालचं जेवण आठवायचं नाही." मग पदराने ओटा पुसला, फडकं हातातच असताना. आणि ते लक्षात आल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर निघून गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानात उभा राहून उगाच बॅटरीचे सेल घेतले. घरात सेलवर चालणारं काही नाही.

एक वाक्य पुरेल. वहिनी, तुझ्या पडद्यावर ते आलंच नव्हतं. एवढंच. लहान पोरालाही म्हणता येईल. पण पुढचं वाक्य लगेच विचारलं जाईल — का आलं नव्हतं? ते मला म्हणता येत नाही.

मंगळवार, १९ मार्च

सांगितलं नाही.

बुधवार, २० मार्च

आज एक उद्योग केला. 'शेवट' नसतानाच्या दिवसांतले सगळे मेसेज नव्या पार्सरमधून पुन्हा फिरवले. आणखी कोणाचं काही बुडालं का ते बघायला. (खाई त्याला खवखवे.) उरलेला मजकूर एकाखाली एक आला.

लिफ्टसारखं दुसरं काही नाही. देवाची कृपा म्हणायची तर तेवढी. बाकी काय होतं?

"ताईंना सांगा, टाके निघाले."

"ताई, परवा तुम्ही फोनवर धीर दिलात, बरं वाटलं."

"आईने ताईंना नमस्कार सांगितलाय."

"मुलगी झाली! ताईंना कळवा."

ताई, ताई, ताई. जवळजवळ सगळं तिलाच. लोक कोरडे झालेले नव्हते, त्यांचा ओलावा मी कापत होतो. आणि वर म्हणालो होतो — प्रगती आहे!

हे निदान तिला दाखवावं असं वाटलं. मग लक्षात आलं, हे दाखवायचं तर ते आजवर होतं कुठे हेही सांगावं लागेल. बंद केलं. माझ्यासारखा भित्रा माणूस चांगली बातमीसुद्धा देऊ शकत नाही.

शुक्रवार, २२ मार्च

वहिनीने स्वतःहून टेबल सोडलं. साहेबांना म्हणाली, "माझा माझ्यावर भरवसा नाही, पुन्हा कोणाचं काही व्हायला नको." साहेब मला म्हणाले, "तुम्हालाच माहीत आहे सगळं, बसा चार दिवस." म्हणजे आता तिच्या खुर्चीत मी! खुर्चीवर तिने शिवलेली उशी आहे. ती काढून ठेवायचं धाडस झालं नाही, तिच्यावर बसायचंही नाही. कडेला टेकून काम केलं.

ती रोज हॉस्पिटलमध्ये जाते हे आज कळलं. आजोबांपाशी बसते. मुलगी तिच्याशी बोलत नाही, खोलीत आली की खिडकीपाशी जाऊन उभी राहते. तरी ही जाते. फळं कापून देते, माफी मागते. आजोबा म्हणे रोज म्हणतात, "होतं असं, पोरी. माझ्याही हातून लोकांची घड्याळं बंद पडलीत." आणि ही रोज रडते.

पुढच्या गुरुवारी तिला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. दादाने ती कॅलेंडरवर लिहिली, आणि लिहून तिथेच उभा राहिला. एवढा दांडगा माणूस. मग मला म्हणाला, "तू आहेस ना घरात, लक्ष ठेव रे तिच्याकडे. मला दिवसभर जावं लागतं."

हो म्हणालो. चुलीत जावं मी.

शनिवार, २३ मार्च

सांगितलं.

ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी चिमट्यांची टोपली धरून उभा. तिने चादर झटकली, आणि मी म्हणालो, "वहिनी, तुझी चूक नव्हती. तुझ्या पडद्यावर ते आलंच नव्हतं." मग पुढचंही सांगितलं. मणी, 'शेवट', मंगळवार, सगळं हिरवं. बोलायला लागल्यावर थांबताच येईना, मधेच पार्सर कसा चालतो तेही समजावत बसलो, मूर्खासारखा.

ती खाली बसली. गॅलरीच्या फरशीवर, ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी. दोन्ही हात तोंडावर. "मला वाटलं मी आईच्या वाटेने निघाले," ती म्हणाली. "मला वाटलं मी निघालेच." आणि रडली, पण ते रडणं वेगळं होतं, सुटल्यासारखं. मला वाटलं, झालं! एवढं सोपं होतं! मी टोपली खाली ठेवून तिच्याजवळ बसणार होतो.

तेव्हा तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे मी डोळे तपासायला गेले तेव्हा?"

"हो."

"पाढे म्हणत होते तेव्हा? तू फोनवर तपासत होतास तेव्हा?"

"हो."

"मी रोज त्या मुलीच्या पाठीकडे बघत माफी मागत होते. तेव्हाही?"

मी मान हलवली. ती उठली. डोळे पुसले. चादरीची दोन टोकं जुळवली. "बाजूला व्हा, भावजी," ती म्हणाली. "वाळत घालायचंय."

भावजी. लग्न होऊन या घरात आली तेव्हा आठवडाभर म्हणाली असेल तेवढंच.

रविवार, २४ मार्च

ताट वाढते. मीठ पुढे करते. "भावजी, आणखी काही?" दादा एकदा माझ्याकडे बघतो, एकदा तिच्याकडे. त्याला तिने सांगितलंय. त्याने मला दोन ठेवून द्याव्यात असं मला फार वाटतं.

कॅलेंडरवरची गुरुवारची वेळ तिने स्वतः खोडली. तेवढं एक चांगलं झालं.

लोकांचे जुने मेसेज, ते ताईंना सांगा, ताईंना कळवा, कागदावर उतरवून तिच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवले. संध्याकाळी कागद तिथे नव्हता. वाचला की फेकला, माहीत नाही.

सोमवार, २५ मार्च

साहेबांनाही सांगून टाकलं. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, काम गेलं तर जाऊ दे. रात्रभर मनात पाठ केलेलं भाषण होतं.

साहेब शेंगदाणे खात ऐकत होते. मग म्हणाले, "आता दुरुस्त आहे ना?"

"हो."

"मग कशाला उकरून काढता? बाईंना परत टेबलावर बोलवा, उद्यापासून. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी."

"आणि आजोबा? त्यांची मुलगी?"

"त्यांचं काय? बाईंनी माफी मागितली आहे की. म्हातारा कालच घरी गेला म्हणे. मिटलंय ते."

आणि मला — हे लिहायलाच हवं, इथे नाही तर कुठे — मला बरं वाटलं! छातीवरचा धोंडा उतरावा तसं. वहिनी सुटली, साहेबांना कळलं, काम टिकलं. सांगायचं होतं त्यांना सांगून झालं. जिना उतरताना मी चक्क शीळ घालत होतो. शेवटच्या पायरीशी पोचल्यावर थांबलो.

पण परत वर गेलो नाही. आजोबांच्या घराकडेही गेलो नाही. घरी आलो, जेवलो, भांडी घासली. वहिनीने न विचारता. तिने ती पुन्हा विसळली.

मंगळवार, २६ मार्च

वहिनी साहेबांना म्हणाली, उद्यापासून येते. तेव्हा आज खुर्चीत मीच होतो. दुपारी मेसेज आला, तिच्या नंबरवरून. पार्सरने एवढं उचललं:

बुधवार. सकाळी दहा. एक जण. आमच्या घरून घड्याळवाल्या आजोबांच्या घरी.

आणि खाली लाल डब्यात उरलं:

"तो एक जण तू. मी बरोबर येणार नाही. त्यांना मी काही सांगितलेलं नाही, ते अजून मलाच माफ करतायत. लिफ्ट अजून बंद आहे, शहाण्या. जिना चढून जा."

'वाचलं' दाबलं. गाडी लावली.